पोटावरची रेघ

लेकीची, निशिगंधाची, सुपारी फोडायची वेळ साडेअकराची ठरली होती. घनश्यामरावांच्या घरात ठरलेली वेळ ही पाहुण्यांसाठी असते. घरच्यांनी सकाळपासूनच हजर राहायचं. सातला मांडवात रांगोळी झाली, आठला जिलबीची कढई तापली, आणि सव्वाआठला दिपालीने सासूला पहिल्यांदा सांगितलं की नयन उठत नाहीये.

"उठत नाई म्हंजे?" विमलताई ओवाळणीचं ताट पुसत होत्या.

"डोये उघडते अन् पुन्हा मिटते. ओठ पाहा ना आत्याबाई, कसे पांढरे पडले."

"थंडी हाय. काल दिवसभर मांडवात धावलं पोट्टं, बाधलं असन."

"मले वाटते दवाखान्यात न्याव लागते."

"नेऊ ना. कोन नाई म्हनते? पाहुणे जेवून गेले का लगेच नेऊ." विमलताईंनी आवाज खाली आणला. "आता तू अन् रजत दोघंही मांडवात दिसले नाई, तं लोक काय म्हनतीन? घरात लेकरू बिमार पडते, हे पहिल्याच दिवशी त्याईच्या कानावर जाऊ द्याचं का?"

लोकांचं म्हणणं ऐकायला या घरातून कधी कोणी बाहेर गेलं नव्हतं. ते काय असेल हे विमलताईच सांगत, आणि ते ठरलेलंच असे. दिपाली लग्नाला चार वर्षं होऊनही या घरात हळूच बोलायची. ती परत आत गेली आणि पावणेतीन वर्षांच्या लेकराच्या पायांवर आणखी एक चादर घातली. रजत गॅसची टाकी आणायला गेला होता. तो आल्यावर सांगू, असं तिने ठरवलं, आणि तो आला तेव्हा घनश्यामरावांनी त्याला खुर्च्या मांडायला पिटाळलं.

दिपालीची आई सत्यभामाबाई कळंबहून सकाळच्या एसटीने आल्या, चिंतामणीचा प्रसाद घेऊन. मुलीची आई असल्यामुळे त्या या घरात येताना अजूनही उंबऱ्याशी जरा थांबत. आज थांबल्या नाहीत, सरळ नातवाकडे गेल्या. अंगाला हात लावला तर फार ताप नव्हता. मग सदरा वर करून पोटावर हात फिरवला, आणि डाव्या बरगडीखाली हात अडकला. तिथे काहीतरी टणक होतं, वीतभर.

एक जुनी गोष्ट त्यांना आठवली आणि त्यांनी ती तशीच दाबली. दहा वर्षं दाबायची सवय होती.

दिपाली दहावीत असताना शाळेत सिकलसेलची तपासणी झाली होती. आरोग्य खात्याच्या बाई घरी येऊन पिवळं कार्ड देऊन गेल्या. पिवळं म्हणजे आजार नाही, फक्त रक्तात त्याचा अंश आहे, मुलीला काही होणार नाही, असं त्यांनी नीट समजावलं. "फक्त लग्न जमवताना मुलाचं कार्ड पाहा. दोघंही पिवळे असले तर लेकरू आजारी निघू शकतं." सत्यभामाबाईंनी मान हलवली, कार्ड तांदळाच्या कोठीत खाली घातलं आणि मुलीला सांगितलं, "तुले काई नाई." नवरा नव्हता, शेत चार एकर. पिवळ्या कार्डाची मुलगी म्हटलं तर लोक ती लाल कार्डाची, म्हणजे आजारीच समजतात, हे त्यांनी शेजारच्या घरी पाहिलं होतं.

मग घाटंजीचं हे स्थळ आलं. पोहे खाऊन झाल्यावर घनश्यामरावांनी घसा साफ करून विचारलं होतं, "मुलीची सिकलची तपासणी झाली असन ना? आम्ही आधी पाहून घेतो बावा. आजकालच्या जमान्यात इचारलं पाह्यजे." सत्यभामाबाई म्हणाल्या, झाली, काही निघालं नाही. आणि मुलाची, हा प्रश्न ओठांपर्यंत येऊन थांबला. मुलाकडचे विचारतात, मुलीकडचे सांगतात. उलटं विचारायची रीत नाही. त्यांनी मनाशी हिशेब केला की जी माणसं आपल्याला एवढं विचारतात त्यांनी स्वतःच्या मुलाचं नक्कीच पाहिलं असेल. एकटं पिवळं काही करत नाही.

पुढे पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी कळंबला झालं. तिथल्या नर्सने तपासणीचं विचारलं तेव्हाही त्याच बोलल्या, "झाली हाय, काई नाई."

"आई, काय होये?" दिपालीने आता विचारलं.

"वायू धरला असन," सत्यभामाबाई म्हणाल्या. "हिंग लावू बेंबीले."

आणि खरंच त्यांनी हिंग कालवला आणि नातवाच्या पोटावर लावला. तो हात त्यांना पुढे कितीतरी दिवस स्वतःचा वाटला नाही.

सुपारी फुटली. पांढरकवड्याच्या पाहुण्यांना मुलगी आधीच पसंत होती, आता घरही पसंत पडलं. घनश्यामराव पंगतीत फिरून आग्रह करत होते. दीड वाजता निशिगंधा हिरव्या शालूत भाच्याला बुंदी द्यायला आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातातली वाटी तशीच होती. ती सरळ पंगतीसमोर उभी राहिली.

"गाडी काढा कोनीतरी. नयनले दवाखान्यात न्याचं हाय. आत्ताच्या आत्ता."

"निशा, हळू," विमलताई म्हणाल्या.

"आई, लेकरू हाताखाली गार लागून राह्यलं!"

पाहुण्यांचीच गाडी दारात आडवी लावलेली होती. तीच निघाली. जे लोकांच्या कानावर जाऊ नये म्हणून पाच तास घालवले, ते लोकांच्याच गाडीत बसून दवाखान्यात गेलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी नयनची पापणी खाली ओढून पाहिली, पोटावर हात ठेवला आणि लगेच सलाइन लावायला सांगितलं. रक्त तपासून आलं. हिमोग्लोबिन तीन.

"इतकं रक्त एका दिवसात कमी होत नाही, आणि झालं तर ते जातं कुठं?" मॅडम बोलता बोलता हात चालवत होत्या. "याची पानथरी, म्हणजे बरगडीखालची प्लीहा, एवढी सुजलीय. सिकलसेलच्या लेकरांमध्ये कधी कधी अंगातलं रक्त पानथरीत जाऊन अडकतं. तसं असेल तर एक मिनिट घालवायचं नाही. मी यवतमाळला फोन करून रक्त तयार ठेवायला सांगते, पोचल्या पोचल्या चढवतील. पण नसेल, तर हे काहीतरी वेगळं आहे आणि आधी ते शोधावं लागेल. रक्त इतकं कमी असलं की इथली चाचणी फसवते, तिच्यावर मी विसंबणार नाही. आई-वडलांच्या तपासण्या झाल्यात का?"

रजत म्हणाला, "हिची झाली हाय, मॅडम. लग्नाच्या आधी. काई नाई निघालं."

दिपालीने आईकडे पाहिलं. तिला फक्त होकार हवा होता.

सत्यभामाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. साखरपुड्यासाठी नेसलेल्या जरीच्या साडीचा पदर त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"पिवळं हाय," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीचं कार्ड पिवळं हाय. म्या खोटं सांगतलं."

घनश्यामरावांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते जागेवरच वाढल्यासारखे झाले.

"काय म्हनलं? म्या सोता इचारलं होतं! तुमच्या घरात बसून, तोंडावर इचारलं होतं! फसवलं तुम्ही आम्हाले, इहीनबाई. माह्या नातवाच्या जिवावर उठल्या!"

"बाबा, हळू बोला," रजत म्हणाला, पण सासूकडे त्यानेही असं पाहिलं की सत्यभामाबाईंनी मान खाली घातली. दिपालीने नयनचा सलाइनचा हात सरळ धरला होता, आणि ती आईकडे पाहतच राहिली. निशिगंधाने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला. एका क्षणात सगळं घर एका बाजूला झालं आणि कळंबची एक बाई दुसऱ्या बाजूला.

विमलताई घराच्या बाजूला उभ्या होत्या.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजून वीस मिनिटं.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "एकट्या आईकडून हा आजार येत नाही. वडलांचं कार्ड?"

"आमच्याकडं तसलं काई नाई," घनश्यामराव म्हणाले. "आमच्या सात पिढ्यात नाई."

"तपासलंय का?"

"शाळेत झालती, मॅडम," रजत म्हणाला. "काई नाई म्हने. आईनं आनला होता रिपोर्ट."

विमलताईंना ते कार्ड डोळ्यांसमोर दिसलं. देव्हाऱ्यामागच्या फळीवर, जुन्या पंचांगात. त्यांनी ते नवऱ्यालाही दाखवलं नव्हतं, कारण घनश्यामरावांच्या पोटात काही राहत नाही. पण त्या अडाणी नव्हत्या. कार्ड देणाऱ्या बाईंचं सगळं सांगणं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. एकाचं पिवळं चालतं, दुसरं स्वच्छ पाहिजे. म्हणूनच तर कळंबला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला शिकवून ठेवलं होतं, "मुलीच्या तपासणीचं इचारा बरं. आजकाल सारेच इचारतेत." तो प्रश्न त्यांचा होता. त्या दिवशी "काही निघालं नाही" ऐकल्यावर किती हलकं वाटलं होतं! परत येताना एसटीत त्यांना गाढ झोप लागली होती.

आणि आता बोलावं, तर निशिगंधाचं काय? हळदी-कुंकवाची बोटं अजून तिच्या कपाळावर ओली होती. पाहुण्यांचा माणूस गाडीजवळ बाहेर उभा होता. भावाचं पिवळं म्हटलं की बहिणीचं कोण पाहतं? निशिगंधाची तर त्यांनी तपासणीच होऊ दिली नव्हती. तपासणीवाले शाळेत यायचे त्या दिवशी तिला घरी ठेवून घेतलं होतं.

"म्हणजे वडलांचं नक्की नाही?" मॅडमनी पेन उचलला. "यावर मी यवतमाळला काय कळवायचं ते ठरणार आहे, म्हणून पुन्हा विचारते. नसेल तर मी सिकल धरत नाही. नुसतं तपासणीसाठी पाठवते. रक्ताचं पुढचं तिथले ठरवतील."

"नाई म्हनून सांगतलं ना," घनश्यामराव म्हणाले. मग पुन्हा सत्यभामाबाईंकडे वळले. "अन् तुम्ही आता इथं थांबू नका. जा तुम्ही बाहेर."

सत्यभामाबाई खरंच दाराकडे निघाल्या. मॅडम लिहायला लागल्या. विमलताई पेनाकडे पाहत होत्या. आपली विहीण आपल्या वाट्याच्या शिव्या खाऊन बाहेर चालली आहे आणि आपण तिला जाऊ देतो आहोत, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. तरी जीभ उचलत नव्हती. एक ओळ लिहून झाली. दुसरी सुरू झाली. नयनने डोळे उघडले, आणि आईकडे नाही, बापाकडे नाही, विमलताईंकडे पाहिलं. रोज सकाळी पहिलं तोंड तो त्यांचंच पाहायचा.

"त्याचंही पिवळंच हाय," विमलताई म्हणाल्या.

घड्याळात दोन चोवीस झाले होते. चार मिनिटं. पुढे त्यांना कोणी ती चार मिनिटं विचारली नाहीत, पण त्यांनी ती मोजली होती.

"रजतचं. पिवळं. कार्ड घरी हाय, दाखवतो मी. मॅडम, तुम्ही फोन करा."

मॅडमनी लिहिलेला कागद फाडला, फोन उचलला, आणि रक्तगट, वजन, पानथरीचं माप सांगितलं. मग तोच पेन घेऊन नयनच्या पोटावर, बरगडीच्या खाली, एक निळी रेघ ओढली.

"हा पानथरीचा काठ," त्या दिपालीला म्हणाल्या. "रस्त्याने बोट इथं ठेवा. रेघेच्या खाली सरकला असं वाटलं तर अ‍ॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरला लगेच सांगा. आणि तुम्ही सगळे, एकमेकांना काय म्हणायचं ते नंतर म्हणा."

घनश्यामराव बाकावर बसले. मघाशी उंच झालेले त्यांचे खांदे कुठे गेले ते त्यांनाही कळलं नाही. "मले तं सांगाचं होतं, विमल," एवढंच ते म्हणाले, आणि ते म्हणतानाच त्यांना कळत होतं की सांगितलं असतं तरी त्यांनी कळंबला तोच प्रश्न विचारला असता, तेवढ्याच मोठ्या आवाजात.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये रजत आणि दिपाली गेले. दोन आज्या दवाखान्याच्या ओट्यावर राहिल्या, दोघीही जरीच्या साड्यांत, शेजारी शेजारी पण मध्ये एका माणसाची जागा ठेवून. येणारेजाणारे त्यांच्याकडे पाहत होते. लग्नाच्या घरच्या बाया इथं काहून बसल्या, असं कुणालाही वाटावं.

सत्यभामाबाईंनी विचारलं, "इहीनबाई, त्या दिवशी म्या उलटून इचारलं असतं, का मुलाचं काय, तं तुम्ही खरं सांगतलं असतं?"

विमलताईंना खोटं बोलणं आता फार सोपं होतं. या प्रश्नाचा साक्षीदार कोणीच नव्हता.

"नाई," त्या म्हणाल्या.

सत्यभामाबाईंनी मान हलवली. "म्याही नसतं सांगतलं," त्या म्हणाल्या. दोघी रडल्या नाहीत. रडायला तोंड पाहिजे, आणि तेच कुठे लपवावं हे दोघींना कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या वॉर्डात नयनने जिलबी मागितली. रक्त हळूहळू, थोडं थोडं करून चढवलं होतं. ओठांवर रंग आला होता. पक्की तपासणी होऊन आली होती, आणि कार्ड लाल निघालं होतं. वॉर्डच्या डॉक्टरांनी रजत-दिपालीला तासभर बसवून सांगितलं: रोजची गोळी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, ताप आला की घरचे उपाय न करता थेट दवाखाना. आणि रोज सकाळी पोट तपासणं. "हे आधी माहीत असतं तर सुजलेली पानथरी तुम्हाला त्याच दिवशी सकाळी हाताला लागली असती," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष नव्हता, पण दोष घ्यायला दाराशी तिघं उभे होते.

निशिगंधा पिशवीत डबा घेऊन आली आणि वडलांना व्हरांड्यात घेऊन गेली.

"बाबा, मायी तपासणी खालीच करून आली मी. निकाल येईन परवा. तुम्ही पांढरकवड्याले फोन लावा."

"काय सांगू?"

"भावाचं काय हाय ते सांगा. मायं पिवळं निघालं तं तेही सांगू. अन् मुलाची तपासणी झाली का, ते इचारा."

"निशा, मुलाकडच्याईले असं इचारत नसतेत बेटा."

निशिगंधाने काचेतून आत पाहिलं, नयनच्या कॉटकडे. घनश्यामरावांनीही तिकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. दोनदा नंबर चुकला.

"हालो... हावो, घनश्याम बोलून राह्यलो. नातू बरा हाय. नाई, दुसरंच बोलाचं होतं. एक गोष्ट सांगाची राह्यली, अन् एक इचाराची राह्यली..." घरी बोलून सांगतो, असं काहीतरी पलीकडून आलं. घनश्यामरावांनी फोन खिशात ठेवला. सुपारी टिकेल की नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं. ते आत गेले, सत्यभामाबाईंसमोर उभे राहिले आणि हात जोडले.

"म्या तुम्हाले बाहेर जा म्हनलं," ते म्हणाले. सत्यभामाबाईंनी खुर्ची पुढे सरकवली, आणि ते बसले.

दिपाली तीन दिवस दोन्ही आयांशी कामापुरतंच बोलली होती. बाटली द्या, चादर धरा. विमलताई रोज रात्री घरी जाताना वाटेत ठरवत की उद्या पायाला हात लावून माफी मागायची, आणि सकाळी सुनेचं तोंड पाहिलं की ते राहून जाई. आता नयनला पुसताना पोटावरची निळी रेघ फिकी झाली होती. पानथरी उतरली होती, पण काठ अजून लागत होता. दिपालीने नर्सकडून पेन मागून घेतला, बोटाने काठ शोधला आणि नवी रेघ ओढली, जुनीच्या दोन बोटं वर.

"आत्याबाई. आई. दोघीही इकडं या. हात धुऊन या."

दोघी हात धुऊन आल्या. ओले हात पदराला पुसत कॉटच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"बोटं अशी आडवी ठेवा. त्याले श्वास घेऊ द्या. इथं काठ लागते. रोज सकाळी पाहाचं, दूध द्याच्या आधी. रेघेच्या खाली गेलं तं मले फोन कराचा नाई, नयनच्या बाबाले इचाराचं नाई, पाहुणे हायेत का नाई ते पाहाचं नाई. सरळ दवाखाना."

सत्यभामाबाईंची बोटं त्या टणक जागेवर पोचली, आणि त्यांनी डोळे मिटले. हिंग लावला होता तो हात हाच होता.

विमलताईंचा हात वरच्या वर थांबला. "दिपाली, मले... कोन्या तोंडानं सांगू तुले..."

"ते मंग सांगा." दिपाली त्यांच्याकडे पाहत नव्हती. "तुमच्यावर राग हाय माहा. दोघींवरही. लवकर जानार नाई. पण मी वावरात गेली का घरी लेकराजवळ कोन राह्यते? तुम्हीच ना?"

विमलताईंनी मान हलवली.

"मंग ठेवा हात. अजून खाली. दाबा थोडंसं." तिने सासूचं मनगट धरून बोट नेमकं रेघेवर आणलं. "घाबरू नका. लपवाले नाई सांगून राह्यली, पाहाले सांगून राह्यली."

नयनला गुदगुल्या झाल्या आणि तो हसला. पोट हललं, आणि काठ विमलताईंच्या बोटाला लागला.

"लागला का?" दिपालीने विचारलं.

"लागला," विमलताई म्हणाल्या, आणि बोट काढलं नाही.